पंचेचाळीस आले कुठून?

नवीन अभ्यासक्रम आला की शाळेत सगळ्यात आधी काय येतं माहितीये? पुस्तक नाही, लिंक येते. रात्री साडेनऊला तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गूगल फॉर्म पडतो, "सर्व मुख्याध्यापकांनी उद्या अकरापर्यंत भरावा, अत्यंत महत्त्वाचे", त्याच्यामागून लांबलचक पीडीएफ, मग यूट्यूबचं लाइव्ह, मग प्रशिक्षणाच्या तारखा, मग त्या तारखा पुढे ढकलल्याचं पत्र, आणि एवढं सगळं होईपर्यंत बाई बिचाऱ्या जुन्याच पुस्तकातली कविता घेत असतात कारण समोर पोरं बसलेली असतात आणि त्यांना काहीतरी शिकवायला तर लागणारच.

मी विषय साधनव्यक्ती आहे, गणिताची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रत्येक तालुक्याला एक गटसाधन केंद्र असतं, तिथे आमच्यासारखी माणसं करारावर असतात आणि कागदावर आमचं काम एका ओळीचं आहे, शिक्षकांना अध्यापनात सहाय्य करणे. हे गटसाधन केंद्र, समूह साधन केंद्र वगैरे प्रकार आपल्याकडे नव्वदच्या दशकात आला, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम म्हणजे डीपीईपी जेव्हा औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी या पाच जिल्ह्यांत सुरू झाला तेव्हा. कल्पना चांगलीच होती. अभ्यासक्रम पुण्यात ठरणार, पुस्तक बालभारती छापणार, पण ते वर्गात कसं घ्यायचं यासाठी शिक्षकाच्या जवळपास कोणीतरी असावं, हाकेच्या अंतरावर. प्रत्यक्षात आम्ही हाकेच्या अंतरावर असतो ते आकडेवारी गोळा करायला. किती मुलांचे आधार अपडेट झाले, किती शाळांनी फोटो टाकले. असो, ते रडगाणं पुन्हा कधीतरी.

या कामात जेवढी वर्षं काढली त्यातून माझं एक मत पक्कं झालंय आणि आज तेच लिहायचंय. शिक्षकाला अभ्यासक्रम समजावून सांगणं ही मदत नाहीच. तो बहुतेक वेळा त्याला कळलेला असतो, आपण समजतो त्यापेक्षा जास्त. मदत सुरू होते ती मुलांची वही मध्ये ठेवून दोघांनी बसलं की. आणि ती वही मध्ये ठेवायची वेळ आपल्या सगळ्या यंत्रणेत कुठेही नाही.

आता प्रशिक्षणाचं बघा. राज्यस्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक तयार होतात, ते जिल्ह्याला येतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला. वरच्या पायरीवर ज्यावर दिवसभर वाद झालेला असतो तो मुद्दा खाली येईपर्यंत पीपीटीची एक स्लाइड झालेला असतो, आणि ती स्लाइड वाचणारा माणूस (अनेकदा मीच) मागच्या बाकावरच्या गुरुजींनी "मॅडम, पण आमच्याकडे तिसरी-चौथी एकत्र आहे, हे गटकार्य कसं करायचं?" असं विचारलं की म्हणतो, चांगला प्रश्न आहे, आपण जेवणानंतर घेऊ. जेवणानंतर उपस्थितीच्या सह्या असतात.

त्या गुरुजींचा प्रश्न खरंतर सगळ्यात मोलाचा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी हिशोब असा आहे की साठपर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट वीस-पंचवीस, कधी त्याहूनही कमी, मग दोन शिक्षक आणि चार इयत्ता, म्हणजे एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. पुस्तक मात्र लिहिलेलं असतं एका इयत्तेचं, एका तासिकेचं. पाठ्यपुस्तकात "मुलांचे गट करा" असं येतं तेव्हा तिसरीत एकूण चार मुलं असतात आणि त्यातली एक आईबरोबर द्राक्षाच्या कामाला निफाडला गेलेली असते. आमचा तालुका नाशिकच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला, इथे हे रोजचं आहे. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी पोरं, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि एकाच फळ्याच्या मधोमध खडूने रेघ मारून डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. म्हणजे अभ्यासक्रमाची अंमलबजावणी हा जो भारदस्त शब्द आहे ना, तो इथे त्या खडूच्या रेघेवर येऊन थांबतो.

2019 आठवतंय का? दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात "एकवीस" बरोबर "वीस एक" असं संख्यावाचन आलं आणि अख्खा महाराष्ट्र गणितज्ञ झाला. टीव्हीवर चर्चा, विधानसभेत चर्चा, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पूर. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सगळ्यांना शांतपणे समजावत होत्या की जुनं वाचन काढलेलं नाहीये, नवा पर्याय सोबत दिलाय, कारण मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र उलटं, त्यात ती जोडाक्षरं, लहान मुलं इथे अडकतात. बाजूने बोलणारे, विरोधात बोलणारे, सगळे तावातावाने बोलत होते, आणि आमच्याकडे केंद्रावर शिक्षकांचा प्रश्न एकच, परीक्षेत काय धरायचं?

त्याच काळात एका शाळेत दुसरीच्या बाईंनी एक साधी गोष्ट केली. श्रुतलेखन घेतलं, फक्त संख्यांचं. पंचेचाळीस, त्रेसष्ट, एकोणपन्नास, अठ्ठ्याऐंशी असं. आणि वह्या माझ्यासमोर ठेवल्या. पंचेचाळीसला बऱ्याच जणांनी 54 लिहिलेलं, कारण कानावर आधी "पंचे" पडलं. एकोणपन्नासला 59, कारण त्यातलं पन्नास तेवढं ओळखीचं. त्रेसष्टचे 36. बाई म्हणाल्या, "मॅडम, मला वाटायचं ह्यांना आकडे येत नाहीत. ही तर ऐकू येतं तसंच लिहितायत." बस, एवढंच. पुस्तकातला बदल कशासाठी होता हे त्या पंधरा मिनिटांत बाईंना जेवढं कळलं तेवढं कुठल्याच चर्चेने कळलं नसतं. पुढे त्यांनी "चाळीस पाच, पंचेचाळीस" असं दोन्ही म्हणायला सुरुवात केली, कोणाला न विचारता, आणि ज्या मुलांना गरज नव्हती त्यांच्यावर लादलं नाही. माझ्या मते अभ्यासक्रम वर्गात उतरला म्हणतात तो असा.

याच्या उलटही खूप पाहिलंय. 2010 ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्याआधी नुसत्या परीक्षा, आता आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात बघून, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी परीक्षा घेऊन, पहिली-दुसरीला 70-30, तिसरी-चौथीला 60-40, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला 40-60. आठ साधनं, दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वगैरे. आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी. विचार काय होता, की शिक्षकाने रोज मुलाकडे बघावं, त्याचं कुठे अडतंय ते आपल्या शब्दांत लिहावं. झालं काय, तर बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका आल्या. नंतर पीडीएफ आल्या, आजही फिरतात. "संख्यांवरील क्रिया अचूक करतो." "गणिती संकल्पना स्पष्ट करतो." "उदाहरणे सोडवताना आळस करतो." चाळीस मुलांची नोंदवही एका रविवारी दुपारी भरून होते, मुलाकडे न बघता.

शिक्षकांना नावं ठेवणं सोपंय, पण जरा त्यांच्या बाजूने बघा. त्या नोंदी वाचणार कोण? अधिकारी येणार, वही आहे का बघणार, सही करणार. नोंदीत मुलाचं काय अडलंय हे कधीच कोणी विचारलं नाही, नोंद भरली का एवढंच विचारलं. मग माणूस भरायला शिकतो.

तसंच ज्ञानरचनावादाचं झालं, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं या विचाराचं. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळा) नाव शिक्षकांना सांगायला नको. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं मेहनत करून जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांमध्ये मुलं स्वतः शिकतील अशी रचना उभी केली, राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. जून 2015 मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा शासन निर्णय आला आणि पुढे काही महिन्यांत काय झालं तर गावोगावच्या वर्गांच्या फरशा रंगल्या. एक ते शंभरची शतक चौकट, बाराखडी, संख्यापट्टी, साप-शिडी, ऑइलपेंटमध्ये, चकाचक. ग्रामपंचायतीने पैसे दिले, पालकांनी वर्गणी काढली, लोकांनी मनापासून केलं ते, मी त्याची टिंगल करत नाहीये. पण फरशी बघून येता येते, फोटो काढता येतो, पेंटरला दाखवता येतो. तिथल्या बाई मूल चुकल्यावर त्याला काय विचारत होत्या, कधी गप्प बसत होत्या, ते फोटोत येत नाही. आमच्याकडच्या एका शाळेत मी विचारलं, ही शतक चौकट कशी वापरता? तर सर म्हणाले, "मॅडम, रंग जाईल म्हणून सध्या पोरांना त्याच्यावर बसू देत नाही."

2017 ला अध्ययन निष्पत्ती आल्या, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याची यादी. पोस्टर आले, भिंतीवर लागले, टाचणात (रोजच्या पाठाच्या तयारीच्या वहीत) त्यांचे आकड्यांचे कोड लिहायला सांगितले. 2021 च्या जुलैत निपुण भारत हे केंद्र सरकारचं वाचन-गणिताचं अभियान आलं, तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत. त्यातलं "समजून" कधी गळून पडलं कळलं नाही, मोबाइलचं स्टॉपवॉच तेवढं राहिलं. पोरं अशी सुसाट वाचतात की पूर्णविराम घाबरून बाजूला होत असेल.

आता जरा सविस्तर सांगते, कारण वही मध्ये ठेवणं म्हणजे मला नक्की काय म्हणायचंय ते असंच सांगता येईल.

एक द्विशिक्षकी शाळा. तिसरी-चौथीचे सर, वय चाळिशीच्या आसपास, कामाचा माणूस. गेल्या गेल्या म्हणाले, "मॅडम, तिसरीची हातच्याची वजाबाकी होत नाहीये. काड्या घेतल्या, गठ्ठे केले, फळ्यावर शंभर गणितं झाली. परत घेऊ का पहिल्यापासून?" खिचडी झाली होती, पोरं बाहेर हुंदडत होती. म्हटलं वह्या द्या. बारा-तेरा वह्या असतील. एक गणित होतं, 63 वजा 28. उत्तर 35. अर्ध्याहून जास्त वह्यांमध्ये 45. सरांनी सगळ्या 45 वर लाल फुली मारून बाजूला लिहिलं होतं, "हातचा!!" दोन उद्गारचिन्हं.

सरांना म्हटलं, सगळ्यांचं एकच उत्तर आहे म्हणजे सगळ्यांचं एकच चुकतंय का? ते म्हणाले हो, हातचा विसरतात. म्हटलं बोलवू दोघांना.

आधी एक मुलगी आली. कसं केलंस सांग. तिने बोट ठेवून सांगितलं, आठातून तीन गेले पाच, सहातून दोन गेले चार. सर म्हणाले, अगं पण वर तीन आहेत ना, खाली आठ? तर ती एकदम आत्मविश्वासाने म्हणाली, "मोठ्यातूनच लहान जातो ना सर, तुम्हीच सांगितलंय." आणि सांगितलं असतंच की, आपण सगळेच सांगतो पहिलीत, मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. तिने नियम प्रामाणिकपणे पाळला होता.

मग एक मुलगा. तो म्हणाला, तीनातून आठ जात नाहीत, हातचा घेतला, तेरातून आठ गेले पाच. इथपर्यंत एकदम बरोबर. पुढे, सहातून दोन गेले चार. सहाचे पाच झालेच नाहीत. वहीत तीनाच्या शेजारी बारीकसा एक लिहिला होता त्याने, व्यवस्थित, पण सहा जसाच्या तसा. बेरजेत वरती एक लिहायची सवय, इथेही लिहिला, तो कुठून उचलून आणला हा प्रश्नच त्याला पडला नव्हता.

दोघांचं उत्तर 45. दोघांच्या डोक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी. सर बघतच राहिले. मग आम्ही दोघं त्या गणिताच्याच मागे लागलो, की हे असं का झालं, आणि गंमत अशी की दोष गणितातही आहे. आठ आणि तीन यांच्यात पाचचा फरक, आणि तेरातून आठ गेले तरी पाचच. एककांमध्ये खालचा आकडा वरच्यापेक्षा बरोब्बर पाचने मोठा असला की या दोन्ही चुका एकाच उत्तरावर येतात. मग 62 वजा 28 देऊ. मुलीसारखं करणाऱ्याचं येणार 46, कारण आठातून दोन गेले सहा. मुलासारखं करणाऱ्याचं येणार 44, कारण बारातून आठ गेले चार आणि सहा तसेच. बरोबर उत्तर 34. पोरांना आत बोलावून फळ्यावर ते एक गणित दिलं. पाच मिनिटांत वह्यांच्या तीन थप्प्या झाल्या सतरंजीवर, 46 वाल्या, 44 वाल्या, आणि बाकीच्या (त्यात बरोबर आलेले आणि बोटं मोजताना एखाद-दुसऱ्याने चुकलेले, त्यांची तशी काळजी नव्हती).

आता दुसऱ्या दिवशी काय करायचं हे सरांनीच ठरवलं, मला फारसं बोलावं लागलं नाही. 46 वाल्यांना वहीच नको. सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात द्यायच्या आणि म्हणायचं, यातल्या आठ काड्या मला दे. दोनच सुट्या आहेत, मूल काय करतं ते बघायचं, सांगायचं काहीच नाही. कधी ना कधी ते गठ्ठ्याचा रबर काढणारच. 44 वाल्यांना मात्र गठ्ठा सोडता येतो, त्यांचा प्रश्न लिहिण्याचा, म्हणून त्यांच्या शेजारी पाटी, गठ्ठा सोडला की लगेच पाटीवरचा सहा खोडून पाच करायचा, मगच पुढे. दोन वेगळे पाठ झाले हे. आणि सर जे करणार होते, म्हणजे फळ्यावर पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना, त्याने या दोघांनाही काही मिळालं नसतं, तिसऱ्या थप्पीला तर कंटाळाच.

यात मी नवीन काय सांगितलं? काहीच नाही. काड्यांच्या गठ्ठ्यांची चित्रं पुस्तकात होती, दशक सुटा करणं पुस्तकात होतं, निष्पत्तीच्या पोस्टरवर स्पष्ट लिहिलं होतं की तिसरीच्या मुलाने 999 च्या आतल्या संख्यांची बेरीज-वजाबाकी, हातच्याची आणि बिनहातच्याची, रोजच्या प्रश्नांत वापरावी. सरांना तो पोस्टर पाठ होता. गठ्ठे त्यांनी घेतलेही होते. कुठल्या मुलाला कुठली काडी कधी द्यायची, एवढंच कुठल्या पोस्टरवर नसतं, असूही शकत नाही, कारण ते त्या दिवशीच्या वहीत असतं.

काही जण म्हणतात मग शिक्षकाला तयार पाठच द्या ना, आज हे वाक्य बोला, उद्या ती कृती घ्या. मी पूर्वी याच्या कडाडून विरोधात होते, आता तेवढी नाही. नवीन लागलेल्या बाईंना, पहिल्याच वर्षी चार इयत्ता गळ्यात पडलेल्या, तयार आराखडा म्हणजे मोठा आधार असतो, निदान रात्री झोप लागते. पण वीस वर्षं शिकवलेल्या गुरुजींच्या हातात तोच कागद दिला की त्यांचा अपमान होतो आणि ते तो कागद अत्यंत नम्रपणे कपाटात ठेवून देतात. दोघांनाही वह्यांशिवाय गत्यंतर नाही मात्र, कारण तयार पाठाला 46 आणि 44 मधला फरक दिसत नाही.

मध्ये एका प्रशिक्षणात जपानच्या शाळांचा व्हिडिओ दाखवला होता. तिथे शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून बघतात, पण बघायचं शिकवणाऱ्याकडे नाही, मुलांकडे, मूल पेन्सिल कुठे थांबवतं, काय खोडतं. मग बसून बोलतात आणि पाठ बदलतात. शंभराहून जास्त वर्षं चालत आलीय म्हणे ही पद्धत. आमच्याकडे वर्गभेटीला कोणी आलं की मागे बसून शिक्षकाकडेच बघतात, आवाज कसा, फलकलेखन कसं, टाचण आहे का. शिक्षकही त्या दिवशी सगळ्यात हुशार मुलाला पुढे बसवतो. मी वर्गात गेले की आता बाजूच्या भिंतीला लागून बसते, मुलांची तोंडं दिसतील अशी. सुरुवातीला सगळ्यांना अवघड वाटायचं. एक बाई तर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मागेच बसा हो, मला सवय आहे."

वह्यांवरून आठवलं. 2023-24 ला पुस्तकांतच कोरी पानं आली होती ना, चार भागांची पुस्तकं, पाठामागे लिहायला जागा, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. पोरं तरीही वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि 2025-26 पासून तो प्रकार बंद झाला. ओझ्याचं काय झालं ते झालं, पण त्या कोऱ्या पानांचा आमच्या एका बाईंनी छान उपयोग केला होता. पाठ सुरू करायच्या आधीच त्या पानावर "याबद्दल तुला काय माहिती आहे" ते लिहायला लावायचं, चित्र काढलं तरी चालेल. अर्धा वर्ग काय लिहितोय ते बघून मग पाठ कुठून सुरू करायचा ते ठरवायच्या. पानं गेल्यावर त्यांनी पाठकोऱ्या कागदांचे तुकडे कापून ठेवले. शासन निर्णयात यातलं काहीच नव्हतं, ना आधीच्या ना नंतरच्या.

या सगळ्यातून आमच्या दोन केंद्रांमध्ये शिक्षण परिषदेचं थोडं बदललंय. महिन्यातून एकदा सगळे शिक्षक केंद्रशाळेत जमतात, त्यात पूर्वी सूचना वाचन, मग एखाद्या उपक्रमाचं सादरीकरण, मग चहा. आता केंद्रप्रमुखांच्या मागे लागून एक तास काढून घेतलाय. येताना प्रत्येकाने एकाच प्रश्नाच्या काही वह्या आणायच्या, चुकलेल्या. नावं झाकून. आणि बसून फक्त एवढंच बोलायचं की हे मूल काय विचार करत असेल. उपाय शेवटच्या दहा मिनिटांत. पहिल्यांदा शिक्षक बरोबर उत्तरांच्या वह्या घेऊन आले, सुंदर अक्षराच्या, कव्हर घातलेल्या. साहजिकच आहे, आयुष्यभर तपासणीला चांगलीच वही दाखवायची सवय. चुकलेली वही दुसऱ्या शाळेच्या शिक्षकासमोर ठेवायला विश्वास लागतो, आणि तो परिपत्रकाने येत नाही. एका ज्येष्ठ बाईंनी आधी स्वतःच्या वर्गातल्या ठेवल्या, म्हणाल्या माझी रिटायरमेंट जवळ आलीय, मला कोण काय करणार. मग बाकीच्यांच्या पिशव्यांमधून बाहेर निघाल्या.

सगळं गोडगोड नाही हे सांगायलाच हवं. एक गुरुजी दर वेळी तोच प्रश्न विचारतात आणि बरोबर विचारतात, "मॅडम, सगळं पटतं, पण वेळ कुठून आणू? बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम आहे, पोषण आहाराची रोजची माहिती भरायचीय, दोन खोल्या सांभाळायच्यात, शेजारचे सर प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग माझ्याकडे." याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. शिक्षकांची अशैक्षणिक कामं कमी करा हे प्रत्येक निवेदनात असतं आणि प्रत्येक वेळी एक नवीन ॲप येतं. मी त्यांना एवढंच म्हणते की सगळ्या वह्या नका बघू. आठवड्यातून एकदा, एकच गणित, पाच वह्या, आणि लाल पेनाने काहीच लिहायचं नाही, फक्त थप्प्या लावायच्या. त्याला वीस मिनिटं लागतात. ते म्हणतात वीस मिनिटं म्हणजे खिचडीची अख्खी सुट्टी गेली. तेही खरंच आहे. तरी मागच्या वेळी थप्प्यांचा फोटो त्यांचाच आला होता ग्रुपवर, खाली लिहिलं होतं, "वेळ काढला नाही, गेला."

पुढच्या परिषदेला पाचवीचे अपूर्णांक घेतोय. वह्या आणायला सांगितल्यात, दोन शाळांनी आधीच फोटो टाकलेत. 1/2 + 1/3 = 2/5. वरचे वर, खालचे खाली, एकदम टापटीप, दोन्ही शाळांमध्ये अगदी तेच उत्तर, म्हणजे पुन्हा पोरांना बोलावून विचारायला लागणार की बाबा कसं केलंस. त्या फोटोखाली रात्रीतून आठ जणांनी अंगठा टाकलाय, एकाने "खूप छान उपक्रम सर" असंही लिहिलंय.